आत्याच्या गावातली दुर्मिळ माती

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपमधले चुंबक संपले. वर्कशॉप चंद्रपूरच्या एमआयडीसीत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांच्या मोटरी तिथं जोडतात आणि तो तिथला सुपरवायझर. मोटरीच्या फिरत्या भागाला चकचकीत चुंबकाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. दिसायला त्या बोटाच्या पेराएवढ्या, पण दोन पट्ट्या एकमेकींकडे झेपावल्या आणि मधे बोट सापडलं तर ते सहज सुटत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचं एक नख असंच काळं पडलं होतं.

हे चुंबक नुसत्या लोखंडाचे नसतात. त्यांत निओडिमियम नावाचा धातू असतो. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून डिस्प्रोसियम नावाच्या दुसऱ्या धातूची चिमूटही घालतात. आमच्याकडच्या मे महिन्यात ही चिमूट नसेल तर भरलेली रिक्षा चढावर धापा टाकेल. दोन्ही धातू सतरा भावंडांच्या एकाच कुळातले. त्या कुळाला दुर्मिळ मृदा म्हणतात. जगातले बहुतेक असे चुंबक चीनमध्ये बनतात आणि त्या उन्हाळ्यात चीननं ते बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली. टीव्हीवर मोठमोठ्या मोटार कारखान्यांच्या बातम्या होत्या. आमच्या घरात ती बातमी नवऱ्याच्या पायांनी आली. तो दुपारीच घरी यायला लागला.

आधी दुसरी पाळी बंद झाली, मग एक दिवसाआड काम. घरी असला की त्याला स्वस्थ बसवत नसे. पंखा खाली काढून साफ करायचा, धडधाकट मिक्सर उघडून पुन्हा बसवायचा. माल पाठवणारे आता लिहून मागतात, तो सांगायचा, की हे चुंबक शस्त्रांत वापरणार नाही. रिक्षाच्या मोटरीसाठी असं लिहून द्यायचं याचं त्याला पहिल्यांदा हसू आलं. पुढे येईनासं झालं.

मी भूगर्भशास्त्र शिकले. एका सर्वेक्षण संस्थेत कंत्राटावर काम करते. जंगलात फिरून माती, दगड, नाल्यांतली वाळू गोळा करायची आणि तपासणीला पाठवायची. दिवाळीनंतर आमच्या तुकडीला नवं काम मिळालं. गडचिरोलीच्या जंगलात याच धातूंचा शोध घ्यायचा. घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. म्हणाला, "तू काढ, मी चिकटवतो."

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. साहेब उत्तरेकडचे, निवृत्तीला आलेले, मराठी समजणारे पण हिंदीत बोलणारे, शांत गृहस्थ. त्यांनी पेन्सिलीनं जो चौकोन दाखवला त्याच्या मधोमध एक नाला होता आणि नाल्याच्या वळणावर आत्याचं गाव.

आम्ही गोंड. आई सतत आजारी असायची, म्हणून शाळेत जायच्या आधीची माझी सगळी वर्षं आत्याकडे गेली. आलापल्लीच्या पुढे, जंगलात. पहाटे मोहफुलं वेचायला ती मला उठवायची आणि झाडाखाली मी पुन्हा झोपी गेले तर माझ्या अंगावर लुगडं टाकून एकटीच वेचत राहायची. आता ती थकली आहे. मुलगा आणि सुनेबरोबर राहते. तिच्या मुलाला मी दादा म्हणते. मी साहेबांना सांगितलं की हे माझ्या आत्याचं गाव आहे. ते म्हणाले, मग तर उत्तमच, भाषेची अडचण मिटली. मी मात्र नकाशावरचं ते वळण पुन्हा पुन्हा बघत राहिले.

आष्टीवरून आलापल्लीकडे जाताना लोहखनिजाचे ट्रक लागतात. रस्त्याकडेच्या सागाची पानं लाल धुळीनं माखलेली असतात. जीपमधून आम्ही सगळे ती पानं बघत होतो.

गावच्या ग्रामसभेनं परवानगी दिली ती माझ्याकडे बघून. नाल्यातली मूठमूठ माती चाळायची, पुडीत भरायची, पुडीवर नंबर टाकायचा, एवढंच काम आहे असं मी सांगितलं. त्या टप्प्याला ते एवढंच होतंही. आत्या माझ्याशी गोंडी आणि मराठी मिसळून बोलते. दुर्मिळ मृदा म्हणजे काय असं तिनं विचारलं. मृदा म्हणजे माती, असं म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. माती दुर्मिळ कधीपासून झाली, तिनं विचारलं, इथी तर ती पायाखाली आहे. मी समजावलं, की नाव फसवं आहे. हे धातू तसे पुष्कळ ठिकाणी असतात, पण पसरलेले, टोपलंभर तांदळात दोनचार मोहऱ्या पडाव्यात तसे. त्या वेचायला दगड दळावा लागतो, तेजाबात भिजवावा लागतो, आणि सतरा भावंडं इतकी सारखी की एकाला दुसऱ्यापासून वेगळं करताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ती महाग आणि म्हणून ती थोड्यांच्या हातात.

काम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एका दुपारी नाल्यावरून गावाकडे परत येत होतो. माझ्या हातात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र होतं. मोनाझाइट नावाच्या खनिजात हे धातू सापडतात, आणि त्यात थोडं थोरियमही असतं. थोरियमजवळ गेलं की यंत्र टिकटिकतं, म्हणून ते आमच्या कामाचं. गावच्या विहिरीचा कठडा मोठमोठ्या ग्रॅनिटच्या दगडांचा आहे. मी तिथून वळले आणि यंत्रानं एकदम सूर बदलला. टिकटिक भराभर होऊ लागली. पाणी भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीनं अर्धा वर आलेला दोर हातातच धरून ठेवला.

साहेब पुढे आले, आकडा बघितला आणि म्हणाले की ग्रॅनिटजवळ असं होतंच, काळजीचं काही नाही. मी तेच गोंडीत सांगितलं. पण सांगताना यंत्र वाजतच होतं आणि त्याचा आवाज बंद करायची कळ मला सापडत नव्हती.

दुसऱ्या सकाळी विहिरीवर कुणी नव्हतं. हातपंप कधीचा बिघडलेला. बायका हंडे घेऊन टेकडीच्या पलीकडे नदीवर गेल्या होत्या. त्या वाटेवर अस्वलं असतात. आत्याही गेली होती, गुडघे धरत. ती परतली तेव्हा मी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. ती गुडघे चोळत खाली बसली. बोलला तो दादा.

"यंत्र काऊन बोंबललं, ते खरं सांग," तो म्हणाला. "पाणी खराब हाय का?"

मला माहीत होतं की थोरियम पाण्यात सहजी विरघळत नाही. दगड वाजला म्हणजे पाणी बिघडलं असं होत नाही. पण दगडात दुसरंही काही असू शकतं आणि त्या विहिरीचं पाणी आजवर कुणी तपासलेलं नव्हतं. पाणी चांगलं आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता, वाईट आहे असं म्हणायलाही नव्हता. मी तेच सांगितलं. दादानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, की माती दुसरीकडूनच घे ना, टेकडीच्या पल्याडची, आणि नंबर इथला टाक. इथं काही निघालं नाही तर खाणही होणार नाही, आणि कोणाला कळणार आहे? मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना तो दुसरीकडे बघू लागला.

साहेबांनी पाणी तपासून घ्यायला लगेच होकार दिला. मी विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरलं, झाकण सील केलं आणि चंद्रपूरला आणलं. तिथून ते नागपूरच्या प्रयोगशाळेत गेलं. मग वाट बघणं सुरू झालं. रोज स्वयंपाक करताना नळ सोडला की मला टेकडीची ती वाट दिसायची.

एका संध्याकाळी भाजी चिरत होते. नवरा आत आला आणि त्यानं विचारलं, "मिळालं का?"

मी म्हटलं, अजून रिपोर्ट आला नाही. तो म्हणाला, मातीचा रिपोर्ट इतक्यात येणार आहे का? तेव्हा लक्षात आलं की तो धातूबद्दल विचारतो आहे आणि मी पाण्याबद्दल बोलते आहे. विळी बाजूला सारून मी त्याला विहिरीची सगळी हकीकत सांगितली. तोवर सांगितलीच नव्हती. 

"वर्कशॉपमधले सगळे मले रोज विचारते," तो म्हणाला, "वहिनीले काही सापडलं का म्हणून. आता त्याईले काय सांगू?"

 तिथल्या माणसांची पोरं माझ्या पोरीबरोबर शाळेत जातात. कुणाचं काम सुटावं असं मला वाटत नव्हतं. आणि आत्याचा नाला खणला जावा असंही वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच ताटाशी बसून जेवायच्या.

पुढच्या फेरीला तो माझ्याबरोबर आला. काम बंदच होतं. पाने, वॉशर, पाइपचे तुकडे अशी पिशवी भरून घेतली आणि दिवसभर राबून त्यानं गावचा हातपंप चालू केला. पहिलं पाणी तांबडं आलं, मग स्वच्छ. बायका जमल्या. आत्या जावयाकडे कौतुकानं बघत होती. एकीनं हंडा लावला आणि मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, थांबा. विहीर ज्या दगडात आहे, त्याच दगडातून हे पाणी येतं. याचंही तपासल्याशिवाय पिऊ नका.

हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. नवरा ग्रीसचे हात पुसत माझ्याकडे बघत होता. "आधी सांगाचं ना," एवढंच म्हणाला. मला आधी सुचलंच नव्हतं. पंप चालू होईल याच आनंदात मी होते. त्या पाण्याचाही कॅन भरला. बायका पुन्हा नदीकडे निघाल्या. या वेळी तोही दोन हंडे घेऊन त्यांच्या मागे गेला.

शेवटी दोन्ही रिपोर्ट आले. दोन्ही ठिकाणचं पाणी पिण्यालायक होतं. गावात फोन लागत नाही, म्हणून मी स्वतः कागद घेऊन गेले. तो वाचून दाखवला, अर्थ सांगितला. लोकांनी ऐकून घेतलं, पण विहिरीकडे कुणी हललं नाही. ज्यांनी यंत्र आणलं त्यांचाच हा कागद, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मग मी स्वतःच दोर टाकला, पाणी काढलं आणि लोटा भरला. तोंडाला लावणार तोच आत्यानं हात धरला.

"तू नोको पिऊ," ती म्हणाली. "तुले अजून एखादं लेकरू व्हाचं हाय. आधी मी पितो. माह्यं काय जाते आता?"

माझ्या हातातून लोटा घेऊन ती घटाघट प्यायली. पदरानं तोंड पुसलं. मग मी प्यायले. त्यानंतर दादाची बायको पुढे आली आणि तिनं काही न बोलता आपला हंडा भरला. त्या दिवशी आत्याच्या घरी जेवताना मला रडू आलं आणि मिरची तिखट लागली असं मी सांगितलं.

सुटका एवढ्यानं झाली नाही. पुढचा टप्पा जमिनीत खोल भोकं पाडून आतला दगड काढायचा होता, आणि त्यासाठी पुन्हा ग्रामसभा बसली. चिंचेखाली सगळं गाव होतं. सामूहिक वनहक्काचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावपाटील समोर बसले होते. साहेब हिंदीत सांगत होते, मी गोंडीत आणि मराठीत. कुणीतरी विचारलं, की एवढं काय अडलं आहे या मातीवाचून? मी माझा मोबाईल वर धरला. यातून आवाज येतो तो चुंबकामुळे, थरथरतो तोही चुंबकामुळे, आणि त्या चुंबकात हे धातू असतात. बॅटरीच्या रिक्षा, पवनचक्क्या, लढाऊ विमानांपासून क्षेपणास्त्रांपर्यंतची यंत्रं, सगळ्यांना ते लागतात. सगळे देश एकाच दारात उभे आहेत आणि ते दार अर्धंच उघडलेलं आहे. दादानं आपला फोन खिशातून काढला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

मग आत्या उठली. सभेत ती सहसा बोलत नाही.

"निंगलं तं आमाले इथून उठवतीन का?" तिनं विचारलं.

साहेब म्हणाले, हा निर्णय सरकारचा असतो, आणि ती फार पुढची गोष्ट आहे. मी ते जसंच्या तसं सांगितलं. आत्या बसली नाही.

"ते साहेबाचं झालं," ती म्हणाली. "तू सांग."

साहेब माझ्याकडे बघत होते. माझं कंत्राट होळीपर्यंतचं होतं, पुढचं त्यांच्या शब्दावर.  मी म्हटलं, "निंगलं तर खाण होऊ शकते. खाण झाली तर नाला असा राहणार नाई. दगड दळून जे उरते त्यात थोरियम असते, ते कुठी तरी ठेवाच लागते. तुमाले उठवतीन का, मले मालूम नाई. उठवणार नाई, असं मी सांगू शकत नाई."

 गावपाटलांनी आधी आजूबाजूच्यांशी बोलून घेतलं, मग मोठ्यानं सांगितलं. मातीचा रिपोर्ट आधी गावाला दाखवा, मगच भोकाचं बोला. तोवर नाही.

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. आलापल्ली मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "आपने ठीक ही कहा. झूठ बोलकर हम दूसरी बार किसी गाँव में नहीं जा सकते." मला बरं वाटलं, पण काळजी तशीच राहिली. मातीच्या पुड्या तपासणीला गेल्या होत्या आणि त्यांत जे काही होतं ते माझ्या खरं बोलण्यानं बदलणार नव्हतं.

त्या दिवसांत मला एक विचित्र सवय लागली. कुठेही ग्रॅनिट दिसला की हात लावून बघायचा. बसस्टॉपचा कट्टा, बँकेची पायरी, आमच्या घरचा ओटा. हाताला काय कळणार? पोरगी विचारायची, आई, काय बघतेस? मी म्हणायचे, काही नाही.

साहेबांच्या शब्दावर माझं कंत्राट वाढलं, आणि मोहफुलं पडायला लागली तेव्हा मातीचा रिपोर्ट आला. ऑफिसात मी आत्याच्या नाल्याचे नंबर शोधले आणि आकड्यांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. धातू होते, पण विरळ. काढण्यासारखे नव्हते. साहेबांनी नकाशावरच्या त्या भागावर फुली मारली. माझा श्वास मोकळा झाला. तोच त्यांची पेन्सिल टेकडीच्या पलीकडे सरकली. तिथली माती दुसऱ्या तुकडीनं गोळा केली होती; तिथले आकडे चांगलेच वर होते. त्या उतारावरही एक गाव आहे. आत्याच्या गावच्या बायका आठवडी बाजाराला त्या गावावरूनच जातात.

आत्याला सांगायला गेले तेव्हा ती अंगणात मोहफुलं वाळवत होती. आमच्या गावात नाही म्हणतेस, तिनं विचारून घेतलं, मग कुठी हाय? मी टेकडीकडे बोट दाखवलं. फुलं पसरणारा तिचा हात जागीच थांबला. त्या गावात तिच्या सुनेचं माहेर आहे, याची मला तिनंच आठवण करून दिली. दादा तिथंच होता. खूप दिवसांनी त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं, पण त्या बघण्यात सुटकेपेक्षा भीतीच जास्त होती.

इकडे वर्कशॉप सुरू झालं. चीनचा माल आला म्हणून नव्हे. मालकानं मोटरीची रचनाच बदलून घेतली. आता तिच्यात साधे काळे फेराइट चुंबक बसतात, ज्यांत हे धातू नसतात. मोटर जाड झाली, वजनदार झाली, पण चालते. नवऱ्याला मी नाल्याचा निकाल सांगितला तेव्हा तो म्हणाला, आम्हाला तर आता तुमच्या मातीची गरजच उरली नाही. मग थोडा विचार करून म्हणाला, आमच्यासारख्या रिक्षावाल्यांना नाही, पण मोठ्या गाड्यांना, पवनचक्क्यांना, लष्कराला लागणारच. ती मागणी थांबणार नाही. तो दोन्ही पाळ्यांना जातो आहे, झोपही शांत लागते. माझी लागत नाही.

परवा आत्याचा फोन आला. फोन लागावा म्हणून ती टेकडीच्या धारेपर्यंत चढून आली होती, तिला धाप लागली होती. भोकं पाडायच्या परवानगीसाठी पलीकडच्या गावाची सभा मंगळवारी आहे. साहेबांबरोबर मी येणार हे त्यांना कळलं आहे, आणि त्यांनी आत्याला विचारलं की ती पोरगी कशी आहे.

"मी सांगतलं, आमची हाय," आत्या म्हणाली. "येजो. आन् आमाले सांगतलं तसंच त्याईले सांगजो."

मी येते म्हटलं. पण आत्याच्या गावाला मी सांगितलं तेव्हा आकडे यायचे होते; आमच्यात कुणालाच काही माहीत नव्हतं. या वेळी मला माहीत आहे. तिथल्या बायकांपैकी कुणीतरी उठून विचारील, निघालं का म्हणून, आणि मला हो म्हणावं लागेल. त्यानंतर त्या काय विचारतील आणि मी काय सांगू शकेन, याचीच जुळवाजुळव सध्या मनात चालू असते. काल भाजी दोनदा करपली. मंगळवार जवळ आला आहे.